दोन मतं

जोगेश्वरीत दुकानांच्या पाट्या बनवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला सर म्हणतो, कारण मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. चुकीला तो चूक म्हणत नाही, "बसत नाही" म्हणतो. आणि काही विचारताना एक डोळा मिटतो, जणू माझं उत्तर सरळ रेषेत आहे का ते बघतोय.

परवा खेळण्यांच्या दुकानाची पाटी होती.

"सर, टॉय शॉप की टॉईज शॉप?"

"टॉय. पुढे शॉप आलं की आधीचा शब्द एकवचनी ठेवायचा, आत खेळणी कितीही असोत."

"मग समोर स्पोर्ट्स शॉप कसं?"

"ते तसंच म्हणतात."

"आणि लेडीज टेलर?"

"तेही तसंच म्हणतात रे!" माझा आवाज चढला. घरी जाऊन व्याकरणाची पुस्तकं काढली, तर गोंधळ आणखीच वाढला.

तो मात्र निवांत होता. त्याने तोच प्रश्न औषधवाल्याला विचारला, चहावाल्याला विचारला, रिक्षासाठी थांबलेल्या कॉलेजच्या मुलींनाही विचारला. संध्याकाळी पाटी लागली: टॉईज शॉप.

मी तणतणत गेलो. "अरे, मग मला कशाला विचारलंस?"

त्याने शिडीवरून खाली बघितलं. या वेळी दोन्ही डोळे उघडे होते.

"तुम्ही शिकलेले, म्हणून तुमची दोन मतं धरली, सर," तो हळूच म्हणाला. "तरी पडलात."