कीबोर्डापुढचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारचा मुलगा त्याच्या पडवीत बसून एक टूल बनवतो. चालू असलेलं ॲप बंद न करता आतला कोड बदलायचा, असं ते टूल. मी निवृत्त मास्तर. सकाळी पेपर वाचायला त्याच्याकडे जातो, त्यामुळे चाचणीचा साक्षीदारही मीच.

चाचणी सोपी आहे. पडद्यावरचं तांबडं बटण सतरा वेळा दाबायचं, की शेजारी सतराचा आकडा दिसतो. मग कोडमध्ये रंग निळा लिहायचा. बटण निळं व्हावं, पण सतरा पुसला जाऊ नये. एवढा इंजिनिअर माणूस, पण सेव्ह करण्याआधी चपला काढून, आमच्या कोकणात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालतो.

"बा देवा म्हाराजा, सतराचो आकडो आसा तसोच रवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हणायचं काम माझं.

महिनाभर बटण निळं झालं की आकडा शून्यावर येत होता. परवा, पुण्याच्या कंपनीला दाखवायच्या तासभर आधी, सतरा जागचा हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या. त्याची आई साखर घेऊन आली. तो मात्र पडद्याकडे बघत राहिला.

"गुरुजी, बटण निळा जावक नाय."

खरंच, तांबडंच होतं. नवं आत आलंच नव्हतं, म्हणून जुनं टिकलं होतं.

"मेल्या, तेंका नुसतो आकडो दाखव," मी म्हटलं.

त्याने पुण्याला फोन लावला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "अजून होत नाही." मग पुन्हा चपला काढल्या.

"देवान मागलला ता दिल्यान. आमीच अर्धा मागला," म्हणाला आणि गाऱ्हाण्यात एक ओळ वाढवली, "आणि नव्याक पण येवंदे रे म्हाराजा!"

नुसता आकडा दाखव म्हणणारा मीच, त्यामुळे या वेळी माझं "होय म्हाराजा" जरा उशिराच निघालं.