दहा पॉइंट सहा

मोठ्या प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला काष्टी गावातलं ते पत्र्याचं ऑफिस आठवतं, जिथं घरांचे नकाशे मी काढायचे आणि कोपऱ्यातलं माझं नाव पुसून साहेब स्वतःचं टाकायचे. एका बाजाराच्या दिवशी, घर बांधायला निघालेल्या शेतकरी नवरा-बायकोसमोर ते म्हणाले, "हिला काय, नुसत्या रेघा ओढता येतात." त्याच आठवड्यात मी काम सोडलं. महिन्याभराने त्यांचा फोन आला. तेच नवरा-बायको त्यांच्यासमोर बसले होते, दुसऱ्या दिवशी पायाची आखणी होती आणि माझ्या नकाशात साहेबांनी नव्याने टाकलेली भिंत कोपऱ्यात जुळत नव्हती, इंचभर बाहेर जात होती. "तुला माहीत असेल," ते अगदी हळू म्हणाले. मला माहीत होतंच. त्यांची ही चूक मी रोज गुपचूप दुरुस्त करायचे. म्हटलं, "सांगते, पण फोन स्पीकरवर टाका." मग त्यांनी टाकला. मी सावकाश, शाळेत सांगतात तसं सांगितलं, "दहा फूट सहा इंचाला तुम्ही दहा पॉइंट सहा टाकलंय. सहा इंच म्हणजे अर्धा फूट. दहा पॉइंट पाच टाका, जुळेल." भिंत जुळली असावी, कारण त्या बाईचा आवाज आला, "मंग आमचा नकाशा काढला हुता कोनी?" मी फोन ठेवला नाही; उत्तर साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं. घरचे म्हणतात, झालं गेलं विसर. मी मात्र गरम कागदाचा तो वास छाती भरून घेते.