उपरण्याखालचा शब्द

परवा कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गुळाच्या एका अडतीच्या दारात दोन म्हातारे उपरण्याखाली हात घालून उभे दिसले. वर चेहरे कोरे, खाली बोटांची बोली चाललेली. भाव तोंडातून फुटायचा नाही, आणि एकदा बोटं दाबली गेली की शब्द फिरायचा नाही. उघडे लिलाव आल्यापासून ही रीत दुर्मिळ झाली आहे. माझा पाय तिथंच अडला. याच रीतीच्या भरवशावर मी हमालीतून स्वतःच्या गुळाच्या दुकानापर्यंत चढलो, आणि याच रीतीनं मला उभं लुटलं. आठवलं की अजून डोकं तापतं.

आमच्या गल्लीत हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे एक मास्तर राहायचे. कुठल्याशा विलायती मासिकात एका ग्रीक कवीच्या कविता इंग्रजीत वाचून त्यांनी झपाटल्यासारखं त्याला पत्र धाडलं, आणि नवल म्हणजे कवीचं उत्तर आलं. आपल्याकडं नुकतंच स्वराज्य आलं होतं. त्याच्या मुलखात मात्र भाऊ भावावर बंदूक रोखून उभा होता. त्याचं इंग्रजीही आपल्यासारखंच अडखळत चालतं, असं मास्तर कौतुकानं सांगायचे. संध्याकाळी ते माझ्या दुकानात गादीवर येऊन बसत आणि पत्र वाचता वाचताच, अडखळत, शब्द शोधत त्याचं मराठी करत. एकदा त्यानं लिहिलं होतं की, ज्या घरचा माणूस परतला नाही, त्या घरची बाई दर वसंतात उंबऱ्याला चुना लावते. तो आला तर त्याला अंधारातही दार सापडावं. बाहेर गाड्यांतून ढेपा उतरत होत्या, आणि हमालांवर ओरडायचं मला सुचलं नाही.

"मास्तर, त्याला लिवा की," मी म्हणालो, "आमची पंचगंगा चढली की आम्ही तिला शिव्या बी देतो आणि तिची वटी बी भरतो."

"अण्णा, असलं कुठं लिहितात का?"

"लिवा वो! कवी हाय त्यो, जज्ज न्हाय."

मास्तरांनी हसत लिहिलं. पुढच्या पत्रात शेवटी ओळ होती : नदीला शिव्या देऊन तिची ओटी भरणाऱ्या त्या बाजारातल्या माणसाला माझा नमस्कार सांगा. मला पत्रं पुष्कळ यायची. माल कधी धाडता, गाडी कुठं अडली, एवढंच त्यांत असायचं. माझ्या बोलण्याची दखल घेणारं ते एकच.

पुढं कवी गेला. लंडनात त्याच्या चाहत्यांचं मोठं मंडळ होतं; त्यांतला एक साहेब पत्रांचं पुस्तक करायचं म्हणून गावोगाव फिरत कोल्हापुरात आला. मास्तर तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. पत्रांची जुडी त्यांच्या हातून सुटेना. "अण्णा, घासाघीस तुमचं काम. तुम्हीच बोलून घ्या," म्हणाले. मी दोनच गोष्टी मागितल्या : नकला झाल्या की पत्रं मास्तरांच्या हाती परत यावीत, आणि कोल्हापूरची पत्रं पुस्तकात असावीत. मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, साहेबानं मान हलवली. मी उपरणं पसरलं. "पावणं, बोटं द्या हिकडं!" त्यानं हसत हात आत घातला. मी बोटं दाबली, त्यानंही दाबली. फार मजेदार रीत आहे, असं तो म्हणाला म्हणे. त्याला ती मजा वाटली. माझ्या लेखी व्यवहार झाला.

"दोन ओळी लिहून घ्यायच्या का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"बोटं दाबल्यावर कागद कसला? कागद मागणं म्हंजे शिवी हाय ती!"

साहेब जुडी घेऊन लंडनला गेला, मग वाट पाहणं सुरू झालं. मी दारात दिसलो की मास्तर विचारत, "आली का?" मी म्हणे, "येतील की, समुद्र केवढा!" मग मी रागारागानं सांगत गेलो आणि मास्तर ते सौम्य करून साहेबाला लिहीत गेले. अखेर उत्तर आलं. ते मला वाचून दाखवायला मास्तरांवाचून होतं कोण? कवीची पत्रं ज्या आवाजात वाचली, त्याच आवाजात त्यांनी तेही वाचलं : कागद आता एका विद्यापीठाच्या स्वाधीन झाले आहेत, आपल्यात काही करार झाल्याचं मला स्मरत नाही.

"अण्णा, त्यानं नुसता हात दिला होता," मास्तर म्हणाले.

"हात म्हंजेच शब्द!" मी ओरडलो. पण त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. त्यानंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही, आणि पत्रांवाचूनच ते गेले.

पुस्तक आलं. मास्तरांमागं ओळख झालेल्या एका वकिलांकडून पानन् पान वाचून घेतलं. लंडनकरांशी झालेल्या दारूच्या अन् हवापाण्याच्या गप्पासुद्धा त्यात होत्या. आमच्यासाठी तळाला बारीक टाइपात एक ओळ : हिंदुस्थानातल्या एका चाहत्यालाही कवीनं काही पत्रं लिहिली. मास्तरांचं नाव नाही, गावाचं नाही. मी पुस्तक भिरकावलं. ते भिंतीवर आपटून खाली पडलं, एवढंच.

कवीचं इंग्रजी मला कधी कळलं नाही. माझ्याजवळ राहिलं ते मास्तरांचं मराठी, आणि ते कुठंच लिहिलेलं नाही. एखादं वाक्य आठवावं तर दर वेळी थोडं निराळं येतं. बाई उंबऱ्याला चुना लावायची, की दिवा ठेवायची? मी व्यापारी माणूस; मालाची तारीफ वाढवून सांगायची जिभेला खोड. भर घातली तर हटकणारं आता कुणी नाही. काल एक पत्र पहिल्यापासून मनात म्हणून पाहिलं. मास्तरांसारखा कुठंच अडखळलो नाही, म्हणूनच भ्यालो. ते मराठी मास्तरांचं नव्हतं. सगळं माझंच होतं.