ट्रान्सफॉर्मरवरचा क्रोशाचा रुमाल

बाबांचं ऑक्सिजनचं मशीन दादाने अमेरिकेहून पाठवलं. ते तिकडच्या एकशेदहा व्होल्टवर चालतं, म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर लागतो. हा जडशीळ डबा आपली वीज निम्मी करून मशीनला देतो. काल दुपारी त्याची घरघर मला वेगळी वाटली. मग जळका वास आला.

त्याच्यावर आईने क्रोशाचा रुमाल घातला होता, टीव्हीवर आणि मिक्सरवर घालते तसाच. गार राहण्यासाठी ठेवलेल्या त्याच्या जाळ्या चारी बाजूंनी झाकल्या गेल्या होत्या. आठवडाभर मी तो रुमाल बघत होते. छान दिसतो, असंही म्हणाले होते.

रुमाल ओढून डब्याला हात लावला आणि चटका बसला.

"बंद करावं लागेल," मी म्हणाले.

"किती वेळ?" आई बाबांच्या छातीकडे बघत होती.

"गार होईपर्यंत."

जेवणापुरती नळी काढली तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी बटण दाबलं. खोलीत फक्त बाबांचा श्वास उरला. आम्ही दोघी तो ऐकत बसलो.

आपल्याकडे जपायचं म्हणजे झाकायचं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो त्याच मायेने आपण आजारी माणसाच्या खिडक्या लावतो. आतल्याला वारा हवा असेल, हे सुचतच नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं.

"धूळ बसेल म्हणून गं," आई पुटपुटली. तिने रुमालाची घडी केली. मग बाबांच्या हनुवटीपर्यंत ओढलेली शाल हळूच खाली सरकवली.