धाकटीच्या जन्माची साक्ष

धाकट्या बहिणीनं अमेरिकेला कायमचं जायचं ठरवलं तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि मी सहासष्ट. नगरला सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर येऊन, चहाचा कप हातात धरून तिनं ही बातमी सांगितली. मी "छान झालं गं" म्हणाले आणि कप विसळायच्या निमित्तानं आत गेले. माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू?

तिचा मुलगा तिकडचा नागरिक झालाय. आता तो आईवडिलांना बोलावून घेणार, त्यांना वेगळी खोली देणार. त्या खोलीच्या खिडकीतून तळं दिसतं म्हणे. मुलगा मलाही आहे. पुण्यात, अडीच-तीन तासांवर. दर रविवारी मी चर्चमधून घरी आले की त्याचा फोन येतो, गोळ्या घेतल्यास का विचारतो आणि ठेवतो. "आई, तू इकडेच ये राहायला" हे वाक्य आजवर काही त्याच्या तोंडून निघालेलं नाही. मी त्याची वाट बघत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

पुढचे काही महिने मी नुसती जळत होते. बहिणीनं इंग्रजी बोलायचा क्लास लावला. तिचे यजमान पांढरे बूट घालून सकाळी फिरायला लागले, तिकडे सगळे चालतात म्हणून. आणि घर आवरायला घेतल्यापासून ती दर आठवड्याला माझ्याकडे काहीतरी आणून टाकायची. कधी लोणच्याची बरणी, कधी इडलीपात्र, एकदा तर कढीपत्त्याची कुंडी. "ताई, हे तू ठेव. मला काय करायचंय आता?" लहानपणी माझे झगे आखूड झाले की तिला मिळायचे. आता म्हातारपणी तिची उतरण माझ्या घरात येत होती, आणि वर मी "बरं झालं, मला हवंच होतं" म्हणत होते.

मग कागदपत्रं सुरू झाली. तिच्या जन्माचा दाखला कुठेच सापडेना. मिरजगावजवळच्या ज्या वस्तीवर आम्ही जन्मलो, तिथं तेव्हा जन्माची नोंद करायला कोण जातंय? चर्चमधली बाप्तिस्म्याची वही वाळवीनं खाल्ली होती. वकील म्हणाले, तुमचा जन्म माहीत असलेल्या, वयानं मोठ्या नातलगाचं प्रतिज्ञापत्र द्या, चालून जाईल.

मोठी नातलग म्हणजे मी.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. तिचं विमान माझ्या सहीवर अडलं होतं. मी तीन आठवडे काढले. एकदा गुडघा धरला म्हटलं, एकदा महिला मंडळाची सभा आहे म्हटलं, एकदा तर आधार कार्ड सापडत नाही म्हटलं. ते पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. शेवटी एका सकाळी ती रिक्षा घेऊनच दारात उभी राहिली, तेव्हा मुकाट्यानं गेले.

वकिलांनी आमची दोन्ही आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही दोघी जुळ्या का?"

त्याचं असं आहे. आई शेतात मजुरीला जायची, म्हणून धाकटीला सांभाळायला मला घरी ठेवलं. ती सहा वर्षांची झाली आणि आम्हा दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं. मी नऊ वर्षांची घोडी, ती सहाची. हेडमास्तरांनी दोघींचंही वय सहा धरलं आणि तारीख लिहिली एक जून, कारण ते सगळ्याच पोरांची एक जून लिहायचे. पुढे मी शिक्षिका झाल्यावर मीही कितीतरी पोरांची तीच लिहिली. त्या चुकीमुळे मला तीन वर्षं जास्त नोकरी मिळाली होती, त्यामुळे ती दुरुस्त करायच्या फंदात मी कधी पडले नाही. आता कागदावर आम्ही एकाच दिवशी जन्मलो होतो. आपल्याच जन्माच्या दिवशी झालेल्या दुसऱ्या जन्माची साक्ष कोण कशी देणार?

"दुसरं कुणी मोठं आहे का हयात?" वकिलांनी विचारलं. बहिणीनं नकारार्थी मान हलवली.

मला आनंद झाला. चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बराच वेळ चष्मा पुसत बसले.

परतताना रिक्षात ती रडायला लागली. "आत्याला थोडं जरी आठवत असतं ना, ताई. पण तिला आता कुणी ओळखूसुद्धा येत नाही म्हणतात." आत्या शेवगावला नातवाकडे असते. माणसं विसरते म्हणतात ते खरं, पण कालपरवाची. जुनं तिला सगळं लख्ख आठवतं. नाताळात मी गेले होते तेव्हा तिनं मला आमच्या शेळीचा रंगही सांगितला होता. हे बहिणीला माहीत नव्हतं. मी मिठाची गुळणी धरली असती तर कधी कळलंही नसतं.

"माझा नातू तिकडून रोज फोनवर विचारतो गं, आजी कधी येणार," ती म्हणाली.

आणि मला त्या चार वर्षांच्या पोराचा असा काही राग आला! अमेरिका, ते तळं, ती खोली, सगळं गेलं उडत. त्याला माझी बहीण रोज मिळणार होती. मला नाही.

तरी मी बोलले. मोठेपणा म्हणून नव्हे. तिचं रडणं मला सहन होत नाही, एवढंच. तिला गप्प करण्यातच माझं लहानपण गेलं.

"आत्याला आठवतं," मी म्हणाले. "मी बघितलंय."

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी करून आत्याला नगरला आणलं. बहिणीला तिनं ओळखलं नाही, "ह्या कोन बाई?" म्हणाली. वकिलांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी आमच्या आईचं नाव घेऊन विचारलं, "आजी, त्यांची धाकटी मुलगी झाली तेव्हा तुम्ही होतात का तिथं?"

"व्हय तर! मीच नाळ कापली. लई थंडी हुती. आन् ती थोरली, तीन वर्साची, दारात बसून भोकाड पसरलं हुतं तिनं. म्हनं, हिला परत नेऊन ठेवा. मी म्हनलं, गप बस बाय. आता न्हाई जात ती कुटं."

वकील हसले. बहीण इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला हसू आलं नाही.

कागद छापून आला. आत्याच्या अंगठ्याला शाई लावली, पण हात थरथरत होता, ठसा दोनदा फिसकटला. तिसऱ्या वेळी मी पुढे झाले, तिचं मनगट घट्ट धरलं आणि अंगठा कागदावर नीट उमटेपर्यंत दाबून ठेवला.