ओक्काची काळी घोडी

ओक्का बूर्मा हट्टी बाई. ट्रॅक्टर आले तशा जर्मनीतल्या साऱ्या पूर्व फ्रीसलंडच्या जड घोड्या खाटकाकडे गेल्या. हिने नवरा गेल्यावरही आपली काळी घोडी, टेक्ला, सांभाळली. आठवडाभर चिकणमातीत नांगर ओढायचा आणि रविवारी मान ताठ ठेवून चर्चला बग्गी न्यायची, अशी ही जात. दलदलीतल्या गावठी घोड्यांना स्पेनचे, मग इंग्लंडचे बग्गीचे घोडे दाखवून जुन्या माणसांनी ती पिढ्यानपिढ्या घडवली होती. रुंद छाती, दणकट पाय आणि थंड डोकं. आता शहरवाल्यांना उड्या मारणारी सडपातळ घोडी हवी होती, आणि घोडेवाल्यांच्या संघाने लगेच मान डोलावली. लाज कशी ती वाटली नाही कुणाला.

टेक्लाचं वय झालं होतं. यंदा गाभण राहिली तर राहिली, नाहीतर हा वंश आपल्याच दारात संपणार, हे ओक्काला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये धाकटा दीर रेंट चहाला आला. तो संघाच्या समितीवर होता.

"वहिनी, टेक्ला माजावर आलीय म्हणे. आपला इंग्लिश घोडा दाखवू तिला. शिंगरू हलकं निघेल, चार लोक विचारतील तरी."

"आणि त्या काडीसारख्या तंगड्या चिखलात रुतल्या, की तू येणार उपसायला?"

"चिखलात जातंय कोण आता? जड घोडा आपल्या संघाकडे उरलाच नाही."

"सीमेपलीकडे आहे. डच लोकांकडे. टेक्लाच्याच रक्ताचा. उद्या नेतेय."

रेंटचा चेहरा पडला. "परक्या घोड्याचं शिंगरू? त्याच्या मांडीवर संघाचा डाग उठणार नाही, वंशाच्या वहीत नाव चढणार नाही, सांगून ठेवतो."

"परका? आणि तुझा इंग्रज काय आपल्या पागेत जन्मला?"

"लोक हसतील, वहिनी. आधीच हसतायत."

त्या मुलखात चहा ढवळत नाहीत. चमचा असतो तो पाहुण्याने पुरे म्हणून कपात ठेवायला. तोवर घरची बाई ओतत राहते. तीन कपांआधी पाहुणा उठला, तर घराची अब्रू जाते. रेंटचा दुसराच कप चालला होता. ओक्काने त्याच्या बशीतला चमचा उचलला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कपात ठेवला.

रेंट लालबुंद झाला. "वहिनी, मी सख्खा दीर आहे तुमचा!"

"म्हणून तर दोन कप पाजले."

तो बूट चढवत होता तोवर ओक्काने टेक्लाला बाहेर काढलं. उद्यापर्यंत थांबायचं तिने सोडूनच दिलं. गावातल्या मोठ्या रस्त्याने, हसणाऱ्या सगळ्यांच्या खिडक्यांवरून, ती घोडीला घेऊन सीमेकडे निघाली.