वेलांटी नसलेला काका

टिमकीला काका नव्हता. वडील एकुलते एक, आणि तेही आता दुसऱ्या संसारात रमलेले. घरात माणसं तीनच: कारखान्यात पाळ्या करणारी आई, तोंडाचा पट्टा न थांबवणारी टिमकी आणि लोकांच्या भिंती रंगवणारी मावशी. त्यामुळे पालकसभेत बाईंनी वर्गातला सगळ्यात शुद्ध निबंध म्हणून टिमकीचा ‘माझे काका’ वाचायला घेतला, तेव्हा मावशीला वाटलं, कागदांची अदलाबदल झाली असेल.

“‘काका रोज कामावर जातात. काका छान गातात. काका फार हसतात. मला काका फार आवडतात.’” बाईंनी कागद खाली ठेवला. “एकही चूक नाही. मागच्या निबंधात लाल शाईचा सडा पडला होता. चुकलेला प्रत्येक शब्द पन्नास वेळा लिहून घेतला, त्याचं हे फळ.”

“बाई, हिला काकाच नाही,” मावशी म्हणाली.

पालकांत खसखस पिकली. कल्पनाशक्ती आहे मग, असं म्हणून बाईंनी पुढचा कागद उचलला.

घरी येताना मावशीने विचारलं, “कोण गं हा काका?”

“काकाला वेलांटी नाही,” टिमकी बूट घासत चालत होती. “मावशीला आहे. शिडीला दोन, खिडकीला दोन. पहिली की दुसरी ते मला ठरवता येत नाही, आणि चुकलं की पन्नास वेळा. तुझं काहीही लिहायला घेतलं की वेलांट्याच वेलांट्या. म्हणून काका घेतला.”

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्याला वगळलं याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शिडी सरकली आणि मावशी खिडकीला लोंबकळली, ही गोष्ट साऱ्या गल्लीला हातवारे करून सांगणारी पोर आता शब्द चाचपून वापरत होती, अवघड दिसला की टाकून देत होती. आणि त्याबद्दल तिला शाबासकी मिळाली होती. हा रोगापेक्षा भयंकर इलाज झाला.

टिमकीच्या आईला त्यात एवढं काही दिसलं नाही. “मार्क मिळाले ना? लिहू दे की पन्नास वेळा. आपण नाही का लिहिलं?”

“म्हणूनच तुझी चिठ्ठी ‘ये, खा, झाक’ एवढ्यावर संपते. एकाच जागी पन्नास वेळा पॉलिश पेपर घासला तर भिंत गुळगुळीत होत नाही, ताई. खड्डा पडतो. या घरात पन्नास वेळा काहीही लिहिलं जाणार नाही.”

बोलून तर बसली, पण मावशीचं स्वतःचं शुद्धलेखन म्हणजे सगळा आनंदीआनंद. तिने रद्दीवाल्याकडून पाठ फाटलेला शब्दकोश आणला आणि भांडण लागलं की याचंच ऐकायचं, असं ठरवलं. गच्चीची भिंत दिवसभर तापलेली असायची. मावशीने टिमकीच्या हातात रुंद ब्रश दिला, बादलीत नुसतं पाणी. हवा तो शब्द हवा तेवढा मोठा लिहायचा. चुकला तर भिंत आपणच तो वाळवून टाकते, खोडायला नको की लाल शाई नको. मग कोशात बघायचं आणि दुसरा हात मारायचा.

पहिली वेलांटी डावीकडे, म्हणून डावा हात वर. दुसरीला उजवा. आई भाजी चिरत एकेक शब्द फेकायची, या दोघी हात उडवायच्या. वेगळे हात वर गेले की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचे पाय चेपायचे. मावशीने कितीतरी वेळा चेपले. शब्दाच्या शेवटची वेलांटी बहुधा दुसरी, हे टिमकीला कळलं, तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. मग ‘आणि’ने तिला तोंडघशी पाडलं. “हा ‘आणि’ तुझ्यासारखाच आहे, कुणाचं ऐकत नाही,” ती मावशीला म्हणाली. रस्त्याने जाता-येता पाट्यांची शिकार चालायची. ‘दुध मिळेल’ वाचून दोघी इतक्या हसल्या की दूधवाल्याने स्टुलावर चढून उकार दुरुस्त केला आणि वर चहा मागितला.

पुढच्या निबंधानंतर बाईंनी मावशीला शाळेत बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. वर्ग मोठा होता आणि पन्नास वेळा लिहिण्याचा तोडगा त्यांना त्यांच्या बाईंकडून मिळाला होता. त्यांनी टिमकीचा कागद पुढे केला. दोन्ही बाजूंनी भरलेला, ठिकठिकाणी लाल.

“पुन्हा घसरली. आजपासून पन्नास वेळा.”

“नाही लिहिणार,” मावशी म्हणाली. “मार्क कापा, शब्द लाल करा, चूक ती चूकच. पण पन्नास वेळा नाही.”

“मग शुद्ध लिहायला शिकणार कशी?”

“लिहून. मागच्या वेळी चूक नव्हती, कारण लिहिलंच नव्हतं.”

“असंच असेल तर ती मागच्या बाकावर बसेल.”

“बसेल. फळा तिथूनही दिसतो.”

बाईंनी कागद मावशीकडे सरकवला.

टिमकी बाहेर पायरीवर बसली होती. मावशी तिच्या शेजारी टेकली आणि वाचू लागली. ‘माझी मावशी शिडीवर चढून भिंती रंगविते. ती चिडकी, हट्टी आणि धिट आहे.’ मावशीला पुढची ओळ जरा वेळाने दिसली.

“धीट चुकलाय,” ती म्हणाली. “दुसरी हवी.”

“मला शंका आलीच होती.”

“मग?”

“मग काय. तरी लिहिला.”